पुस्तक तेरा प्रकरणांचं, तास तीस

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही एका संलग्न महाविद्यालयात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवता. प्रथम वर्ष बीएस्सीला वर्णनात्मक संख्याशास्त्राचा दोन क्रेडिटचा पेपर आहे. ग्रंथालयात क्रमिक पुस्तकाच्या चार प्रती आणि वर्गात ऐंशी मुलं. ओपनस्टॅक्स या प्रकाशनाचं 'इंट्रोडक्टरी स्टॅटिस्टिक्स' हे खुलं पुस्तक तुम्हाला आवडलंय आणि तेच वापरायचंय. प्राचार्यांना मात्र नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या, फायलीसाठी प्रत्येक कोर्स आउटकमसमोर (पेपर शिकून मुलांना काय करता यायला हवं, ते सांगणारं विधान) कोणतं साहित्य, असा तक्ता हवाय. म्हणून तुम्ही विचारताय की हे पुस्तक आउटकममध्ये बसवायचं कसं, मराठीत आणावं का, आणि झेरॉक्स वाटली तर अडचण येईल का.

मी बावीस वर्षं हाच विषय शिकवते आहे. त्यातली सात-आठ वर्षं खुलं साहित्य घेऊन, त्याची काटछाट करून शिकवते. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगते: तुमचा तक्ता आणि तुमचं शिकवणं या दोन वेगळ्या अडचणी आहेत, आणि तुम्ही तक्त्यापासून सुरुवात करताय. मीही तेच केलं होतं. सीओ १ (पहिला कोर्स आउटकम) समोर प्रकरण १, सीओ २ समोर प्रकरण २ असं लिहीत गेले, प्रत्येक चौकोनात ३, म्हणजे सर्वात घट्ट संबंध, भरला, फाइल झकास दिसली. पुस्तकाची लिंक वर्गाच्या ग्रुपवर टाकली. सहामाहीनंतर विचारलं तेव्हा कळलं की पुस्तक उघडलेली मुलं दोन. त्यातल्या एकानं पहिली चाळीस पानं वाचून सोडून दिलं होतं, कारण चाचणीत त्यातलं काहीच आलं नव्हतं. चूक त्याची नव्हती. आउटकम आणि पुस्तक यांची शीर्षकं जुळली म्हणजे आतलं काम जुळतं असं मी धरून चालले होते.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते आधी बोलू. सगळ्यात मोठा फरक संलग्न की स्वायत्त हा. तुमचं कॉलेज संलग्न, म्हणजे आउटकम विद्यापीठाच्या अभ्यासमंडळानं लिहिलेत आणि तुम्हाला त्यातला शब्दही बदलता येणार नाही. स्वायत्त कॉलेजात कधीकधी पुस्तक आउटकमपेक्षा चांगलं निघतं आणि मग आउटकमच सुधारून घेता येतो. तुम्हाला ती सोय नाही, जे काय बदलायचं ते साहित्यात. दुसरा फरक अंतिम पेपर कोण काढतं आणि कोणत्या भाषेत, याचा. तिसरा, प्रात्यक्षिकाला संगणक मिळतात की मुलांच्या मोबाइलवर भागवायचंय. या तिन्हींची उत्तरं वेगळी असतील तर माझ्या पद्धतीतले काही भाग तुम्हाला लागू पडणार नाहीत, ते खुशाल सोडा.

आता कामाला लागू. अभ्यासक्रमाची प्रत घ्या आणि प्रत्येक आउटकममधलं क्रियापद अधोरेखित करा. शिकण्याच्या पातळ्या लावणारी ब्लूमची वर्गवारी १९५६ सालची. २००१ मध्ये ती सुधारली तेव्हा तिच्यातली नामं जाऊन क्रियापदं आली. आपल्याकडच्या आउटकमची भाषा तिथूनच येते. अभ्यासमंडळावर बसून मी स्वतः ती क्रियापदं ब्लूमच्या तयार यादीतून उचललेली आहेत, त्यामुळे ती फार विचार करून लिहिलेली असतात असा माझा दावा नाही. तरी आपल्या हातात तीच आहेत. समजा आउटकम असा आहे: 'दिलेल्या माहितीसाठी योग्य सरासरी निवडणे व निवडीचं समर्थन करणे.' इथं क्रियापद 'निवडणे'. आता पुस्तकाचं दुसरं प्रकरण उघडा. मध्य, मध्यक, बहुलक हे सगळं तिथं उत्तम समजावलंय, माझ्यापेक्षा चांगलं. पण सरावातले कितीतरी प्रश्न 'मध्य काढा', 'मध्यक काढा' असे आहेत. निवड प्रश्नकर्त्यानंच करून टाकलीय. ते शंभर प्रश्न सोडवूनही मुलाला निवडता येईल असं नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार!

म्हणून माझा नियम असा की स्पष्टीकरणाला शक्यतो हात लावायचा नाही, मेहनत घ्यायची ती प्रश्नांवर. वरच्या आउटकमसाठी मी दिलेलं एक उदाहरण: एका वाडीत सात खातेदार. त्यांची जमीन १, २, २, ३, ३, ४ आणि ४८ एकर. मध्य येतो ९ एकर, मध्यक ३. सरपंचांना तालुक्याला कळवायचंय की 'आमच्याकडे साधारण शेतकऱ्याकडे इतकी जमीन आहे'. त्यांनी कोणता आकडा द्यावा? आणि तलाठ्याला वाडीची एकूण जमीन काढायची असेल, खातेदारांची संख्या माहीत असेल, तर त्याला कोणता आकडा उपयोगी पडेल? दुसरा प्रश्न मुद्दाम घातलाय, नाहीतर मुलं 'मोठा आकडा दिसला की मध्यक' एवढंच पाठ करतात. आकडेमोड एका मिनिटाची, पण वर्गात यावर अर्धा तास वाद होतो. एका मुलानं तर ४८ एकरवाला वाडीत राहतो की पुण्यात, असं विचारलं होतं. संख्याशास्त्राच्या दृष्टीनं तो प्रश्न अगदी रास्त होता.

क्रियापदं झाली की विद्यापीठाच्या मागच्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका शेजारी ठेवा. आउटकम 'विश्लेषण करणे' म्हणतो आणि पेपरात 'व्याख्या लिहा' येतं, हे तुम्हाला दिसेलच. मुलांना तो पेपर द्यायचाय, तेव्हा व्याख्याही करून घ्यायच्या. पण अंतर्गत मूल्यमापन तुमच्या हातात आहे, आउटकमचं खरं क्रियापद तिथं वापरा.

मग कात्री. पुस्तक तेरा प्रकरणांचं आणि दोन थिअरी क्रेडिट म्हणजे तास तीस. त्यात सुट्ट्या, युवा महोत्सव, परीक्षा वजा केल्या की हाती बावीस-तेवीस उरतात. माझ्या अशाच पेपरसाठी मी पहिल्या प्रकरणातला नमुना निवडीचा भाग घेते, दुसरं जवळजवळ पूर्ण, आणि बाराव्यातला निम्मा. बाकी पुस्तक या सत्रात उघडायचंच नाही, असं मुलांना स्पष्ट सांगते. बाराव्याबद्दल सावध राहा. आपल्याकडे सहसंबंध आणि रिग्रेशन पहिल्याच वर्षी वर्णनात्मक म्हणून येतात. पुस्तकात मात्र ते शेवटून दुसरं प्रकरण आहे, आणि सहसंबंध गुणांक लक्षणीय आहे का, याची चाचणी त्यात मध्येच येते. ती नवव्या प्रकरणातल्या गृहीतक चाचणीवर उभी आहे. तो भाग तसाच ठेवून वाटलात तर मुलं पी-व्हॅल्यू म्हणजे काय हे विचारत तुमच्यामागे फिरतील. मी स्कॅटर प्लॉट, रिग्रेशन रेषा आणि विपर्यस्त बिंदूंचा (आउटलायर, म्हणजे बाकीच्यांपासून फार दूर पडलेले बिंदू) भाग ठेवते, चाचणी काढून टाकते. काढल्यावर पुढच्या परिच्छेदांत 'वर पाहिल्याप्रमाणे' असे धागे लोंबकळत राहतात, ते शोधून कापावे लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

उलट बाजूनं, आपल्या अभ्यासक्रमात जे आहे आणि पुस्तकात नाही ते स्वतः लिहावं लागतं. स्पिअरमनचा रँक सहसंबंध, मोमेंट्सवरून स्क्यूनेस (वितरण एका बाजूला किती कललंय) आणि कर्टोसिस (त्याची शेपटं किती जड आहेत). यासाठी मी प्रत्येकी दोन पानांची टिपणं केली. दुसरं खुलं पुस्तक शोधत बसण्यापेक्षा ते लवकर होतं.

आता ज्यानं मला सर्वात जास्त त्रास दिला तो भाग. पुस्तकात ठिकठिकाणी टीआय-८३ आणि ८४ या अमेरिकी ग्राफिंग कॅल्क्युलेटरच्या सूचना आहेत. आपल्या मुलांकडे ते यंत्र नाही, म्हणून मी त्या जागी लिबरऑफिस कॅल्क आणलं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये कॅल्कचे धडे मराठीत आहेत, मुलांना आवडतात. सगळं छान चाललं असताना एका वर्गात एकाच उदाहरणाची तीन उत्तरं आली. आकडे अगदी साधे होते. एसटीची वाट पाहण्यात गेलेली मिनिटं: २, ४, ६, ८, १०, १२, १४, १६. पहिला चतुर्थक (ज्याच्या खाली पाव आकडे येतात तो) किती?

आपलं नेहमीचं सूत्र म्हणतं, एकूण संख्येत एक मिळवा आणि चारानं भागा. म्हणजे २.२५ वं पद, उत्तर ४.५. पुस्तक म्हणतं खालच्या अर्ध्या भागाचा मध्यक घ्या, उत्तर ५. कॅल्कचं क्वार्टाइल फंक्शन तिसऱ्याच पद्धतीनं मोजतं, उत्तर ५.५. तिन्ही पद्धती जगात रूढ आहेत, एकही चूक नाही. पण विद्यापीठाचा परीक्षक उत्तरसूचीत ४.५ बघून बाकीच्यांचे गुण कापणार.

प्रमाण विचलनाचंही तसंच. याच आठ आकड्यांचं, आपल्या वर्णनात्मक पेपरात भागतात तसं ८ नं भागलं तर ४.५८ येतं. पुस्तक नमुना धरून ७ नं भागतं, तेव्हा ४.९०. कॅल्कमध्ये दोन फंक्शनं आहेत, नुसतं एसटीडीईव्ही दुसरं उत्तर देतं आणि शेवटी पी जोडलेलं पहिलं. मुलं अर्थातच छोटं नाव वापरतात. साहित्य निवडताना विषयाचं नाव सगळे बघतात, ही व्याख्येतली तफावत मात्र पटकन दिसत नाही. माझ्या टिपणाच्या पहिल्याच पानावर आता एक चौकट असते: या पेपरसाठी कोणतं सूत्र, पुस्तकात कोणतं, कॅल्कमध्ये कोणतं. तुमचा विषय दुसरा असता तरी मी हेच सांगितलं असतं. चिन्हं, एककं, सूत्रांचे भाजक आधी तपासा.

थोडक्यात इथवर: आउटकमचं क्रियापद, त्याला साजेसा प्रश्न, मग कापाकापी, मग व्याख्यांची जुळणी. उदाहरणं 'आपली' करणं त्यानंतर येतं. अनेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथंच थांबतात. डॉलरच्या जागी रुपये लिहिले की झालं, असं नसतं. बारा डॉलरचा पिझ्झा बारा रुपयांचा झाला की मूल हसतं आणि गणितावरचा त्याचा विश्वास जातो. आकडे बदलले की उत्तरं बदलतात, प्रत्येक उदाहरण पुन्हा सोडवावं लागतं. मी एकदा तापमानाचं उदाहरण फॅरनहाइटमधून सेल्सिअसमध्ये नेलं. स्प्रेडशीटमध्ये ३२ वजा करून पाच नवमांशानं गुणण्याचं सूत्र पूर्ण स्तंभावर ओढलं, आणि त्याच स्तंभात खाली प्रमाण विचलन होतं, ९ अंश. ते झालं उणे १२.८. छापून वाटलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'मॅडम, प्रमाण विचलन उणे असतं का?' प्रमाण विचलनातून ३२ वजा करायचे नसतात, नुसतं गुणायचं, उत्तर ५. ती चूक मी आता दरवर्षी मुद्दाम फळ्यावर करून दाखवते, आणि आउटकममधल्या 'मूळबिंदू व प्रमाण बदलाचा परिणाम' या मुद्द्याला तिच्याइतकं चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

माहिती खरी वापरा, आणि ती शोधायला लांब जावं लागत नाही. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया महाराष्ट्रात ९२९ आणि गोव्यात ९७३. दोन्ही राज्यं मिळून किती? बहुतेक वर्ग एका सुरात ९५१ सांगतो. मग लोकसंख्या लिहायची, महाराष्ट्र सुमारे ११.२४ कोटी, गोवा सुमारे साडेचौदा लाख. खरं उत्तर ९२९ च्या जेमतेम वर सरकतं. भारित मध्य शिकवायला याहून सोपं काही नाही. लासलगावच्या कांद्याचे रोजचे भाव सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवर मिळतात, नाशिककडच्या मुलांना त्यातला चढउतार आपल्याहून जास्त कळतो.

एक सावधगिरी. सगळंच परकं काढून टाकू नका. पुस्तकात संभाव्यतेसाठी बावन्न पत्ते सारखे येतात. माझ्या वर्गातल्या काही मुलींनी घरी पत्ते कधी हातातही घेतलेले नव्हते, म्हणून मी एका वर्षी ती उदाहरणं गाळली. विद्यापीठाच्या पेपरात नेमकं 'दोन पत्ते काढले' आलं. आता मी वर्गात खरा कॅट घेऊन जाते आणि पिसून वाटते. तो पुढच्या सत्राचा विषय आहे, पण लक्षात ठेवा.

मराठीचं काय? बीएस्सीचा पेपर इंग्रजीत असतो, त्यामुळे संपूर्ण भाषांतर करू नका. मी एक अख्खं प्रकरण उन्हाळ्याच्या सुट्टीत मराठीत आणलं होतं. मुलांनी ते आवडीनं वाचलं आणि पेपरात 'स्क्यूनेस' म्हणजे काय हे न कळून बसून राहिली. आता स्पष्टीकरणाचा सारांश मराठीत, पारिभाषिक शब्द दोन्ही भाषांत, आणि प्रश्न इंग्रजीत ठेवते. मध्य, मध्यक, बहुलक हे शब्द मुलांना दहावीपासून ठाऊक असतात, तेच वापरा. पुढच्या शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत. त्यातले काही शब्द मलाही जड वाटतात. रिग्रेशनला मी रिग्रेशनच म्हणते. बीए किंवा बीकॉमला, जिथं उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते, तिथं मात्र पूर्ण भाषांतराची मेहनत सार्थकी लागते.

आता परवाना. फुकट मिळणं आणि खुलं असणं यांत फरक आहे. एनसीईआरटीची पुस्तकं कुणीही उतरवून घेऊ शकतं, पण म्हणून त्यांत बदल करून आपण वाटू शकत नाही, त्यांचे हक्क राखीव आहेत. तुम्ही निवडलेलं पुस्तक क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी बाय ४.० परवान्याखाली आहे. कापा, बदला, भाषांतर करा, छापा, झेरॉक्सवाल्यानं पानामागे पैसे घेतले तरी हरकत नाही. अट एकच, श्रेय द्यायचं आणि बदल केल्याचं सांगायचं. मी टिपणाच्या तळाशी असं लिहिते: 'हे टिपण ओपनस्टॅक्सच्या इंट्रोडक्टरी स्टॅटिस्टिक्समधील दुसऱ्या प्रकरणावर आधारित. मूळ लेखिका बार्बरा इलोव्स्की आणि सुसान डीन. परवाना सीसी बाय ४.०. उदाहरणे बदलली आहेत, कॅल्क्युलेटरचे भाग वगळले आहेत.' सोबत मूळ पुस्तकाचा दुवा. त्यांचं मुखपृष्ठ आणि बोधचिन्ह मात्र या परवान्यात येत नाही, ते तुमच्या पुस्तिकेवर लावू नका.

पण त्याच प्रकाशनाची सगळी पुस्तकं सारखी नाहीत. त्यांच्या कॅल्क्युलसवर 'एनसी' आणि 'एसए' ही जास्तीची कलमं आहेत, म्हणजे व्यापारी वापर नको आणि तुमचं रूपांतरही त्याच अटींवर द्यायचं. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरचंही तसंच. विकिपीडियावरचा मजकूर मात्र नुसत्या 'एसए'वर असतो. 'एनसी-एसए'वालं आणि नुसतं 'एसए'वालं साहित्य एकाच टिपणात मिसळून नवं काही तयार केलं तर दोन्ही अटी एकदम पाळता येत नाहीत. शेजारी शेजारी, आपापल्या श्रेयासह स्वतंत्र ठेवले तर चालतं. आणि 'एनडी' (बदल करून वाटू नका) दिसलं की बदललेलं वाटायचं नाही, आहे तसं द्यायचं किंवा नुसती लिंक द्यायची. घाईत असाल तर सीसी बायच्या बाहेर जाऊच नका, डोकं शांत राहतं.

शेवटी प्राचार्यांचा तक्ता. तो आता दहा मिनिटांचा आहे, कारण त्यात प्रकरणांची नावं भरायची नाहीत. स्तंभ असे करा: आउटकम, त्यासाठीचा तुमचा प्रश्न किंवा कृती, तो कोणत्या चाचणीत विचारला, साहित्य कुठून घेतलं, काय बदललं. वाडीच्या जमिनीचा प्रश्न सीओ ४ समोर, अंतर्गत चाचणी दोन, प्रकरण २, प्रश्न नवा. मॅपिंगचे १, २, ३ भरताना सगळीकडे ३ भरू नका. जिथं एकच छोटा प्रश्न आहे तिथं १ लिहा. सत्रअखेर अटेनमेंट, म्हणजे आउटकम किती साध्य झाला ते, काढताना मुलांना त्याच प्रश्नात किती गुण पडले ते तुमच्याकडे असेल, आणि आकडा कुठून आला असं कुणी विचारलं तर उत्तरपत्रिकांचा गठ्ठाच पुढे करता येईल. किती टक्के मुलांनी किती गुण मिळवले की कोणती पातळी, हे तुमच्या आयक्यूएसीनं (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षानं) ठरवलेलं असेल, ते त्यांच्याकडून लेखी घ्या.

सगळ्या पाचही आउटकमचं काम एका सत्रात होणार नाही. तासिका तत्त्वावर असताना तर नाहीच, त्या संध्याकाळचे पैसे कुणी देत नाही हे मला माहीत आहे. ज्या आउटकममध्ये मुलं दरवर्षी आपटतात तो एक घ्या. माझ्याकडे तो सहसंबंधाचा होता. बाकी चार या वर्षी जुन्याच नोट्सवर चालू द्या, आणि त्यांच्यासमोर तक्त्यात 'क्रमिक पुस्तक' असं लिहा.